कोंबड्यांना रात्री दांडीवर बसण्याची सवय लावताना

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या बोलण्यात खाद्य, लस आणि अंडी हे विषय वारंवार येतात. कोंबडी रात्री कशावर बसते याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते. खुराड्याला कडी लागली की दिवसाचे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात कोंबडीचा निम्म्याच्या आसपास दिवस त्या कडीच्या आतच जातो आणि तिचे आरोग्य, अंड्यांची स्वच्छता व उंदीर-घुशींपासून बचाव या गोष्टी बऱ्याच अंशी त्या तासांवर अवलंबून असतात. कुडाळजवळच्या आमच्या घरामागे चिऱ्याच्या भिंतींचा जुना मांगर आहे आणि त्याच्या एका भागात जाळी ठोकून आम्ही खुराडे केले आहे. तेथल्या देशी कोंबड्यांमध्ये ग्रामप्रिया या संकरित जातीच्या तलंगा (तरुण कोंबड्या) आणून सोडल्या तेव्हा दोन्हींमधला फरक पहिल्याच संध्याकाळी दिसून आला. देशी कोंबड्या दिवेलागणीला एकामागून एक वर चढून आपापल्या जागी बसल्या; नव्या तलंगा मात्र कोपऱ्यातल्या भाताच्या तुसावर एकमेकींच्या अंगावर चढून दाटीवाटीने बसल्या आणि त्यांतल्या काही अंड्यांच्या खोक्यांत शिरल्या. त्यांना वर बसवण्यासाठी काय करावे लागले आणि ते का करावे लागते, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम, खाली बसल्याने बिघडते काय, हा प्रश्न. कोंबडी झोपेतही शिटत असते, त्यामुळे जमिनीवर बसलेली कोंबडी रात्रभर आपल्याच आणि शेजारणीच्या शिटेवर पोट टेकून असते. उन्हाळ्यात हे एक वेळ खपून जाते. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की एकदा भिजलेले तूस पुन्हा सुकत नाही, त्यातून अमोनियाचा डोळे चुरचुरवणारा वास सुटतो आणि कोंबड्यांच्या डोळ्यांना व श्वासाला त्याचा त्रास होतो. रक्ती हगवणीचे जंतू शिटेतून बाहेर पडतात आणि उबदार, ओल्या तुसात त्यांची रोग पसरवण्याची ताकद तयार होते; म्हणजे जमिनीवरची गर्दी आणि पावसाळा हे दोन्ही त्यांच्या सोयीचेच. शिवाय उंदीर आणि घुशी रात्री खाली बसलेल्या कोंबड्यांना कुरतडतात, आणि उंदरांच्या मागावर साप आत येतात. दांडीमुळे यातले पुष्कळसे टळते, परंतु सगळे टळत नाही. उदमांजर दांडीपर्यंत सहज चढते, म्हणून दांडी आहे या भरवशावर जाळीतले भोक तसेच ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

दांडीवर बसणे ही आपण कोंबडीवर लादलेली शिस्त नाही, तर तिच्या मूळ स्वभावातली गोष्ट आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा आणि आपल्या सह्याद्रीत आढळणारा करडा रानकोंबडा, दोघेही दिवसभर जमिनीवर पाचोळा उकरून पोट भरतात आणि रात्री झाडावर किंवा बांबूच्या बेटात बसतात. (पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून नव्हे, तर करड्याकडून आला, असे २००८ सालच्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. घाटातल्या पाखराची ही खूण जगभरच्या खुराड्यांत चालते-फिरते, याचे मला अजूनही कौतुक वाटते.) अंधार पडू लागला की उंच जागा शोधायची, ही ओढ आजच्या संकरित जातींतही टिकून आहे. मग ग्रामप्रियाच्या तलंगा खाली का बसल्या? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर त्यांच्या जातीत नसून त्या ज्या शेडमध्ये वाढल्या त्या शेडमध्ये आहे. तेथे जमिनीवर तूस, छताला बल्ब आणि भांड्यांत खाद्य-पाणी होते. वर उडी मारून बसावे असे काहीही नव्हते. उंच जागेची ओढ जन्मजात असली, तरी उडीचा अंदाज घेणे, अरुंद जागेवर तोल सांभाळणे आणि पुन्हा खाली उतरणे ही कामे पिल्लाला सरावाने येतात.

स्वीडनमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हे फार नेमकेपणाने दिसते. त्यांनी काही पिल्लांना पहिल्या दिवसापासून दांड्या दिल्या आणि काहींना आठ आठवड्यांची होईपर्यंत दिल्या नाहीत. पुढे, दोन्ही गटांना दांड्या मिळून बरेच आठवडे लोटल्यावर, खाद्य निरनिराळ्या उंचीवर ठेवून पाहिले. कमी उंचीवर दोन्ही गट सारखेच पोहोचले. उंची वाढवत नेल्यावर मात्र ज्यांना दांडी उशिरा मिळाली होती त्या कोंबड्या मागे पडल्या. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीलाही हेच लागू पडते. रात्री पिल्लांवर आणि कोंबड्यांवर बांबूचे डालगे पालथे घालून वर दगड ठेवण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मांजरापासून राखण म्हणून ती उत्तम, पण डालग्याखालीच वाढलेली कोंबडी मोठेपणी दांडीखाली घुटमळताना मी पाहिली आहे.

म्हणून सुरुवात दांडीपासूनच केली पाहिजे, कारण निम्म्या वेळा कोंबडी वर बसत नाही यात दोष दांडीचा असतो. परदेशी सल्ल्यांमध्ये चार इंची रुंद, सपाट लाकूड वापरा असे पुष्कळदा वाचायला मिळते. तेथे हिमदंशाने बोटे गळू नयेत म्हणून ती पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जावीत, हा त्यामागचा हेतू असतो. आपल्याला त्याचे कारण नाही. चार ते पाच सेंटीमीटर जाडीची, कडा गोल केलेली किंवा मुळातच गोल असलेली, न वाकणारी दांडी कोंबडीच्या पंजाला पुरते. आमच्याकडे सहज मिळतो तो बांबू, पण त्याचे दोन अवगुण लक्षात घ्यावे लागतात. त्याची पाठ गुळगुळीत असल्याने नवशिक्या कोंबडीचा पाय घसरतो आणि एकदा घसरून पडलेली तलंग काही दिवस त्या दांडीकडे फिरकत नाही. म्हणून बांबूवर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी किंवा कोयत्याने त्याची साल खरवडावी. दुसरे म्हणजे बांबूची कापलेली टोके पोकळ असतात आणि त्या पोकळीत कीड वस्ती करते, तेव्हा ती टोके लाकडी खुंटीने किंवा मातीने बंद करावीत. लोखंडी आणि प्लास्टिकचे पाइप टिकाऊ खरे, पण कोंबडीला त्यांवर धड पकड घेता येत नाही, म्हणून मी ते वापरत नाही.

किती लांब आणि किती उंच, यासाठी युरोपीय संघाच्या १९९९ सालच्या निर्देशातले आकडे मला व्यवहारात सोयीचे वाटले: दर कोंबडीमागे किमान १५ सेंटीमीटर दांडी, दोन दांड्यांमध्ये ३० सेंटीमीटर आडवे अंतर आणि दांडी भिंतीपासून निदान २० सेंटीमीटर लांब. आपल्या उकाड्यात कोंबड्या पंख अंगापासून सैल सोडून बसतात, त्यामुळे मी १५ ऐवजी २० ते २५ सेंटीमीटर धरतो. उंचीच्या बाबतीत मात्र आकड्यापेक्षा एक नियम महत्त्वाचा आहे. खुराड्यातली सर्वांत उंच, बसण्याजोगी जागा ही दांडीच असली पाहिजे. अंड्यांची खोकी दांडीपेक्षा वर असतील, तर कोंबड्या खोक्यांवर बसतील, आणि त्यांना कितीही वेळा उतरवले तरी त्या तेथेच जातील, कारण त्या त्यांच्या हिशेबाने बरोबरच वागत असतात. म्हणून खोकी खाली घ्यावीत आणि त्यांचे झाकण इतके उतरते करावे की त्यावर पाय ठरू नये. नवशिक्या तलंगांसाठी पहिली दांडी गुडघ्याच्याही खाली, साधारण एक-दीड फुटावर असावी, आणि तिच्यापासून वरच्या दांडीपर्यंत जिन्यासारख्या तिरक्या पायऱ्या असाव्यात. एकावर एक अशा सरळ उभ्या रांगेत दांड्या बांधल्या तर वरच्यांची शीट खालच्यांच्या पाठीवर पडते आणि खालची जागा कोणालाच नको होते.

दांडी नीट बसली म्हणजे उरलेले काम उजेडाचे. कोंबडीला अंधारात फार कमी दिसते, कारण तिच्या डोळ्यांची रचना दिवसाच्या उजेडासाठी झालेली आहे. आमच्या शेजारच्या काकी हे एका वाक्यात सांगतात, "तेंका रातीचा दिसणा नाय." याचा अर्थ, काळोख दाटण्यापूर्वी जी कोंबडी वर चढली नाही ती नंतर स्वतःहून चढणार नाही, असेल तेथे मुकाट्याने बसून राहील. आमच्या मांगरासारख्या जाड भिंतींच्या, लहान खिडकीच्या जागेत आतला काळोख बाहेरच्या काळोखाच्या बराच आधी पडतो. बाहेर अंगणात चांगले दिसत असते, म्हणून तलंगा चरत राहतात, आणि आत येतात तेव्हा त्यांना दांडी दिसतच नाही. यावर उपाय सोपा आहे. सूर्यास्ताच्या सुमारास दांडीच्या वरच्या बाजूला अगदी मंद दिवा लावावा, तो सगळ्या स्थिरावेपर्यंत ठेवावा आणि मग काढावा. भगभगीत दिवा लावून तो एकदम बंद करणे सर्वांत वाईट, कारण उडी मारण्याच्या बेतात असलेली कोंबडी गोंधळून जेथल्या तेथे खाली बसते. आमच्या बाजूला डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनच्या अखेरीस सातच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा घड्याळ लावून ठेवण्यापेक्षा उजेडाकडे पाहूनच खुराड्याकडे जावे. संध्याकाळचे मूठभर भात किंवा भरडलेला मका अंगणात न टाकता खुराड्यात, "ति ति ति" अशी हाक देऊन टाकला, तर त्या काळोख पडण्यापूर्वी आत येतात. नवीन जागेत आणलेल्या कोंबड्यांना पहिले काही दिवस बाहेर सोडूच नये. घर कोणते हे पक्के होऊ द्यावे.

एवढे करूनही ज्या खाली बसतात त्यांना हाताने वर ठेवावे लागते, आणि सवय लावण्याचे खरे काम हेच. ते पूर्ण अंधार पडल्यावर करावे. बॅटरीच्या काचेवर फडके गुंडाळून तिचा झोत जमिनीकडे ठेवला तर आपल्याला पुरेसे दिसते आणि दांडीवरच्या कोंबड्या बिथरत नाहीत. कोपऱ्यातल्या घोळक्यातून कडेची तलंग आधी घ्यावी. दोन्ही तळवे तिच्या पंखांवरून नेऊन पंख अंगाशी दाबलेले राहतील अशी तिला उचलावी. पंख मोकळे राहिले तर एका फडफडीने सगळा घोळका उधळतो. मग तिला दांडीच्या किंचित वरून पुढे आणत पंजे दांडीला टेकतील इतके खाली घ्यावे. पायाला काही लागले की बोटे आपोआप वळतात. तरीही हात लगेच काढू नये, कारण पहिल्यांदा बसवलेली तलंग पुढे झुकते, मग मागे, शेपटी पंख्यासारखी उघडते आणि तोल सावरण्यासाठी मान लांब करते. हे डुलणे थांबून तिने गुडघे मोडले, छाती दांडीवर टेकली आणि मान आत ओढून घेतली, म्हणजे ती बसली. तेव्हा एक हात काढावा, आणि जरा वेळाने दुसरा. घाईने सोडलेली कोंबडी धपकन खाली उडी मारते आणि आपल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जागा निवडतानाही थोडे तारतम्य लागते. नव्या तलंगेला दांडीवरच्या मुख्य देशी कोंबडीशेजारी ठेवले तर अंधारातही चोच बसते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्याच बरोबरच्या दुसऱ्या तलंगेला चिकटून ठेवावे.

हा क्रम रोज, एकही संध्याकाळ न चुकवता चालवावा लागतो. त्यातल्या काही जणी दोन-चार रात्रींतच आपण होऊन चढू लागतात, कारण शेजारीण वर गेलेली त्यांना दिसते. काही हट्टी मात्र आठवड्याहून अधिक काळ आपल्या हातांची वाट पाहतात. मधल्या काळात एक गोष्ट अवश्य करावी: दुपार टळून अंडी घालण्याची वेळ संपली की खोक्यांची तोंडे फळीने बंद करावीत आणि पहाटे दार उघडताना ती फळी काढावी. खोक्यात झोपलेली कोंबडी तेथेच शिटते, सकाळी दुसरी कोंबडी त्याच घाणीत अंडे घालते, आणि धुतलेले अंडे टिकत नाही हे गिऱ्हाईकही जाणते. एखादी कोंबडी रात्री खोके सोडायला तयार नसेल, हात लावताच पिसे फुलवून गुरगुरत असेल, तर ती दांडी न शिकलेली नसून खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवण्याच्या ओढीने बसून राहिलेली असण्याचा संभव आहे. तिची गोष्ट वेगळी. तिला रोज रात्री दांडीवर नेऊन ठेवण्यात काही अर्थ नसतो.

याच्या नेमके उलट दुखणे देशी आणि कडकनाथ यांचे असते. या हलक्या अंगाच्या कोंबड्यांना खुराड्यातली दांडी बुटकी वाटते आणि त्या सरळ फणसावर किंवा आंब्यावर जाऊन बसतात. लोकांना याचे कौतुक वाटते, पण ओळीने चार रात्री पाऊस कोसळला की झाडावरची कोंबडी आजारी पडते, आणि झाडावर उदमांजर खुराड्यापेक्षाही सहज पोहोचते. अशा कोंबड्यांना अंधार पडल्यावर शिडी लावून उतरवून आत आणावे, एका पंखाची लांब उड्डाणपिसे कातरावीत (पीस पूर्ण वाढलेले असेल तर दुखत नाही, वाढत्या पिसातून मात्र रक्त येते) आणि आतली वरची दांडी आणखी उंच करून द्यावी. वनराजसारख्या वजनदार जातींना याच्या विरुद्ध न्याय लावावा लागतो. त्यांना दोन-अडीच फुटांपेक्षा उंच बसवले तर सकाळी खाली उडी मारताना तळपायाला इजा होते, तीत जंतू शिरून पंजा सुजतो आणि कोंबडी लंगडू लागते. दांडीखाली तुसाचा जाड थर असणे त्यांच्यासाठी अधिकच गरजेचे. मांसासाठीच्या ब्रॉयलरना दांडीच्या फंदात पाडू नये.

दांडीखाली हातभर अंतरावर एक फळी आडवी टाकून तीवर चुलीतली राख पसरली, तर रात्रीची शीट तूस न बिघडवता सकाळी खरवडून घेता येते. ती शेणखताच्या खड्ड्यात कुजवून मगच माडांना किंवा केळींना घालावी. ताजी घातली तर मुळे करपतात. ही फळी तब्येतीची नोंदवहीही असते: कोणाच्या जागेखाली पातळ, हिरवट किंवा रक्त मिसळलेली शीट पडली आहे हे सकाळी चटकन कळते, कारण कोंबड्या आपापल्या जागा सहसा बदलत नाहीत.

नीट बसणाऱ्या कोंबड्या एकाएकी दांडी सोडून खाली बसू लागल्या, तर त्यांना पुन्हा वर ठेवत बसण्यापूर्वी दांडी तपासावी. तांबडी गोचिडी नावाने ओळखला जाणारा बारीक जीव दिवसा दांडीच्या फटींत, दोरीच्या वेढ्यांत आणि भिंतीच्या सांध्यांत लपतो व रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचे रक्त पितो. दिवसा कोंबडीच्या अंगावर काहीच सापडत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. रात्री उशिरा दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद किंवा कापड दाबून फिरवावे. तांबडे डाग उमटले तर निदान झाले. उबदार हवेत त्याची नवी पिढी आठवडाभरात तयार होते, तेव्हा एकदाच्या फवारणीने भागत नाही. दांड्या काढून उकळते पाणी ओतणे, दोरी जाळून नवी गुंडाळणे, भिंतींच्या फटी चुन्याने बुजवणे आणि आठवड्याच्या अंतराने हेच पुन्हा करणे, असा तो क्रम आहे. औषध वापरायचे तर पशुवैद्यकाला विचारूनच, कारण अंड्यांत त्याचा अंश उतरू शकतो. याच कारणासाठी आमच्या दांड्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, त्या खाचांत नुसत्या टेकवलेल्या आहेत.

पिल्लांपासून सुरुवात करता आली, तर यातला बराचसा खटाटोप टळतो. ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) दुसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन इंच उंचीवर बोटाएवढी काठी आडवी ठेवावी. पिल्ले आधी दिवसा खेळता खेळता तीवर चढतात आणि रात्री झोपायला पुढे काही आठवड्यांनी जातात. आईबरोबरची पिल्ले तर तिच्यामागून शिकतात. ती त्यांना पंखांखाली घेऊन आधी जमिनीवर बसते, आणि पिल्ले थोडी मोठी झाली की एका संध्याकाळी दांडीवर चढून त्यांना हाका मारते. खालची दांडी पुरेशी बुटकी असेल तर पिल्ले ओरडत, धडपडत का होईना तिच्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे पुढच्या खेपेला वाढलेल्या तलंगा विकत न घेता एक दिवसाची पिल्ले आणून ती रात्री खुडूक कोंबडीच्या पंखांखाली सरकवावीत, असा बेत आहे. अडचण एवढीच की आमच्या देशी कोंबड्या नेमक्या पिल्ले मिळत नसतात तेव्हाच खुडूक बसतात.